घरच्या लोहारसाळीची मांडणी

लातूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, उदगीर, अहमदपूर, कंधार आणि मुखेड या तालुक्यांच्या मध्ये असलेला जळकोट तालुका बालाघाटच्या डोंगररांगेत येतो. कुठे उथळ मुरमाड तर कुठे खोल काळी अशा येथील जमिनीत राबणारी खुरपी, विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा आणि नांगरांचे फाळ पिढ्यान्‌पिढ्या गावच्या लोहारसाळीतच घडत आणि पाजवले जात आले. पाजवणे म्हणजे झिजून बोथट झालेले लोखंड तापवून, ठोकून पुन्हा धारेवर आणणे. अशी साळ स्वतःच्या घराजवळ, पारंपरिक हत्यारांनिशी उभारू पाहणाऱ्याने उंच विटांची भट्टी, धुराडे आणि दोन शिंगांची अवजड ऐरण असलेली परदेशी कार्यशाळा नमुना म्हणून डोळ्यांसमोर ठेवण्याचे कारण नाही, कारण जमिनीलगतची, मातीत घडवलेली आणि मोजक्या हत्यारांवर चालणारी जी मांडणी या भागात रुजली तिच्यात येथील माती, ऊन, इंधन आणि कामाचे स्वरूप यांचा विचार आधीच झालेला आहे.

या मांडणीमागे गावगाड्याची व्यवस्था होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात सविस्तर वर्णिलेल्या बलुतेदारीत लोहाराची गणना सुताराबरोबर पहिल्या ओळीत होत असे, कारण या दोघांच्या हातांवाचून पेरणी उभीच राहत नसे. लोखंड बहुधा शेतकऱ्याचे, कोळसा आणि श्रम लोहाराचे, आणि मोबदला खळ्यावरच्या धान्यातून, असा हा व्यवहार असल्याने लोहाराला दुकान थाटण्याची गरज नव्हती. आलेले प्रत्येक अवजार दुरुस्त करता येईल एवढी सामग्री मात्र कायम सज्ज ठेवावी लागे. म्हणूनच लोहारसाळीतील प्रत्येक हत्यार एकाहून अधिक कामांना उपयोगी पडणारे असते, आणि नव्याने साळ उभारणाऱ्याने हाच निकष लावणे शहाणपणाचे ठरते.

लोखंड गाळणे, म्हणजे खनिजातून धातू वेगळा करणे, आणि लोखंड घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हेही आरंभी स्पष्ट असावे. महाराष्ट्रात लोखंड गाळण्याचा इतिहास फार जुना आहे; नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील उत्खननात महापाषाणयुगीन वस्तीत, म्हणजे ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात, लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. जळकोटच्या पूर्वेला, नांदेडची सीमा ओलांडल्यावर लागणाऱ्या आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे गाव आहे, जेथील मुशीत तयार होणारे पोलाद इराणी व्यापारी तलवारींच्या पात्यांसाठी घेऊन जात. हेन्री व्हॉयसी या सर्वेक्षण खात्यातील भूवैज्ञानिकाने तेथील पद्धतीचे जे वर्णन केले ते १८३२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात दोन वेगवेगळ्या प्रकारचे लोखंड एकत्र करून बंद मुशीत तापवण्याची रीत नोंदलेली आहे. जळकोट मात्र काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या प्रदेशात मोडते आणि असा खडक लोखंड गाळण्यायोग्य समृद्ध खनिज देत नाही; त्यामुळे येथील लोहाराचे कौशल्य आयत्या किंवा जुन्या लोखंडाला नवे रूप देण्यात एकवटले. घरच्या साळीचे कामही तेवढेच आणि तेच असते.

जागा निवडताना पहिला विचार आगीचा करावा लागतो. मराठवाड्यात सुगीनंतर प्रत्येक वाड्यात आणि आखाड्यावर कडब्याच्या गंजी रचलेल्या असतात, आणि फाल्गुनापासून मृगापर्यंतच्या कोरड्या दिवसांत भट्टीतून उडालेली एक ठिणगी अशी गंजी पेटवायला पुरते. म्हणून साळ गंजीपासून आणि गोठ्यापासून पुरेशी दूर आणि उन्हाळी वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावी. लाकडी तुळया आणि मातीचा जाड थर असलेल्या माळवदाच्या घरात भट्टी पेटवू नये, तसेच घणाचे हादरे जुन्या दगड-मातीच्या भिंतीला बसतील इतकी ऐरण तिच्याजवळ रोवू नये. या बांधणीचे सांधे किती कच्चे असतात हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर जिल्ह्याला फार मोठी किंमत घेऊन दाखवले आहे. चार खांबांवर पत्र्याचे छप्पर, दोन बाजू मोकळ्या आणि पश्चिमेला आडोसा, एवढे पुरेसे होते. सावली मात्र अनिवार्य समजावी, कारण लोहार उष्णतेचा अंदाज लोखंडाच्या रंगावरून घेतो आणि उघड्या उन्हात लाल लोखंडही काळेच दिसते; भर दुपारी अंगणात काम करणारा नवशिका हमखास लोखंड जाळतो, तो याच कारणाने.

भट्टी म्हणजे मूलतः जमिनीतला खड्डा. सुमारे ३० सेंटिमीटर रुंद आणि १० ते १२ सेंटिमीटर खोल असा वाटोळा खळगा, त्याच्या एका कडेने आत येणारी हवेची नळी आणि नळीच्या बाजूला भात्याला झळ लागू नये म्हणून उभारलेली वीतभर उंचीची मातीची आडभिंत, इतकी तिची रचना असते. निव्वळ काळ्या मातीने भट्टी लिंपल्यास ती वाळताना आक्रसते आणि पहिल्याच तापाला भेगाळते, म्हणून पांढरी किंवा पिवळी माती, बारीक भुसा आणि राख मळून केलेला गारा वापरावा आणि तो सावकाश वाळू द्यावा. बेसाल्टचे दगड आगीच्या थेट संपर्कात बसवू नयेत. त्यांच्या सूक्ष्म पोकळ्यांतील ओलावा वाफ होऊन फुगला की दगडाचे तुकडे जोराने उडतात. नळीचे तोंड लोखंडी असावे, त्याचा व्यास दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा आणि ते खळग्याच्या तळापासून थोडे वर असावे, म्हणजे कोळशातून गळणारा कीट, अर्थात वितळलेल्या राखेचा काचेसारखा गोळा, खाली साचेल आणि हवेची वाट बुजणार नाही.

या लहानशा आगीत तीन थर असतात आणि ते ओळखता येणे हे लोहारकामातील पहिले खरे शिक्षण आहे. नळीच्या अगदी तोंडाशी हवा ताजी असल्याने तेथे प्राणवायू मुबलक असतो. त्या थरात ठेवलेले लोखंड लवकर तापते खरे, पण त्याचा पृष्ठभाग जळून खपल्या धरतो आणि पोलाद असेल तर त्यातील कार्बनही जळून जातो. त्याच्या वरच्या थरात प्राणवायू कोळशाशी संयोग पावून संपत आलेला असतो आणि तप्त कोळशातून जाणाऱ्या वायूचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये होते, जो लोखंडाला गंजू देत नाही; लोखंड तापवण्याची जागा हीच. सर्वांत वरचा थर केवळ झाकण असतो, तो उष्णता आत राखतो आणि स्वतः तापून खाली सरकण्याची वाट पाहतो. म्हणून अनुभवी लोहार लोखंडाखाली पाच-सहा बोटे पेटता कोळसा आणि वर तितकाच कोळसा राहील असे पाहतो, लोखंड आगीत खाली खुपसत नाही, आडवे ठेवतो; आणि कडेच्या कोळशावर हाताने पाणी शिंपडून आग पसरू देत नाही.

आगीला वारा देणारा भाता म्हणजे दोन फळ्यांमध्ये बसवलेली कातड्याची पिशवी, जिच्या खालच्या फळीला आत उघडणारी झडप असते. पिशवी फुगवताना झडप उघडून हवा आत येते आणि दाबताना झडप मिटून ती नळीने बाहेर पडते. एका भात्याचा वारा तुटक येतो, म्हणून दोन भाते जोडून आळीपाळीने चालवतात. चाळिशी ओलांडणाऱ्या येथील उन्हाळ्यात कातडे कोरडे पडून तडकते, त्यासाठी तेल वरचेवर चोळावे लागते. भाता टिकतो किंवा मरतो तो या एका सवयीवर. हाताने फिरवायचा लोखंडी पंखा गेल्या शतकात बहुतेक लोहारांनी स्वीकारला आणि तो घरच्या साळीत ठेवण्याने परंपरेला कोणतीही बाधा येत नाही. विजेचा पंखा मात्र नवशिक्याने टाळावा, कारण तो लोखंड आगीत असो वा ऐरणीवर, सारखाच वाहत राहतो, तर हाताने वारा देणारा माणूस आग वाढवणे आणि थोपवणे शरीराने शिकतो.

इंधनासाठी लाकडी कोळसा सर्वांत चांगला, कारण त्यात गंधक जवळजवळ नसते. गंधकाचे प्रमाण अधिक असलेल्या दगडी कोळशात लोखंड तापवल्यास ते लाल असताना ठोकतानाच फाटण्याचा धोका असतो. बाभळीचा कोळसा वजनदार आणि टिकाऊ जळतो. पडीक रानात आणि ओढ्याकाठी माजलेल्या वेड्या बाभळीचा कोळसाही लोहारकामाला उत्तम चालतो, आणि हे परके झुडूप शेतीला त्रास देणारे असल्याने ते तोडून वापरण्यात दुहेरी लाभ आहे. मात्र लाकूडतोड आणि कोळशाची वाहतूक वनविभागाच्या नियमांखाली येते, तेव्हा परवानगीची चौकशी आधी करावी.

ऐरणीबद्दल जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कोणत्याही हत्याराबद्दल नाहीत. ऐरणीचे काम घणाचा आघात न लवता परत फेकण्याचे असते, आणि तो परत फेकण्यासाठी लागतो तो आघाताच्या रेषेत सरळ खाली असलेला धातूचा जाड भार. शिंगे, भोके आणि पायऱ्या या सगळ्या पुढच्या सोयी आहेत. गावच्या लोहाराची ऐरण बहुधा वर सपाट, खाली निमुळती होत जाणारी चौकोनी लगड असते आणि ती ओंडक्यात खोल बसवलेली असते. तशी ऐरण न मिळाल्यास रेल्वेच्या रुळाचा तुकडा घेण्याची पद्धत आहे, पण तो आडवा न ठेवता उभा रोवावा: ५२ किलो प्रतिमीटर वजनाच्या रुळाचा ६० सेंटिमीटर तुकडा ३० किलोंच्या आसपास भरतो, आणि उभा केल्यावर हा सगळा भार घणाच्या बरोबर खाली येतो, तर आडव्या रुळाची पातळ कंबर प्रत्येक ठोक्याला थरथरून आघात वाया घालवते. रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदेशीर ताबा हा १९६६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, म्हणून असा तुकडा अधिकृत भंगार विक्रेत्याकडून पावती घेऊनच विकत घ्यावा.

ऐरण रोवताना जळकोटच्या काळ्या जमिनीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यात थेट पुरलेला ओंडका वर्षभरात कलतो. हात-दीड हात खोल खड्डा घेऊन तो मुरूम आणि दगडाच्या खडीने थराथराने चोपून भरावा, त्यात बाभळीचा ओंडका उभा बसवावा आणि ऐरणीचा माथा कामाच्या ढबीनुसार ठेवावा. बसून काम करणाऱ्याची मूठ जेथे सहज टेकते तेथे, आणि उभ्याने काम करणाऱ्याच्या लोंबत्या हाताची मूठ जेथे पोचते तेथे ऐरणीची उंची येते. बसून काम करण्याची येथील पद्धत केवळ गरिबीतून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. भट्टी, ऐरण आणि पाण्याची कुंडी हाताच्या एकाच टप्प्यात येतात; सेकंदा-सेकंदाला थंड होणाऱ्या पातळ पात्यासाठी हा फायदा फार मोलाचा असतो, आणि समोर उभा राहून घण मारणाऱ्याला खोल ऐरणीवर पूर्ण झोक मिळतो.

बाकी हत्यारे थोडी लागतात आणि त्यांतील निम्मी साळीतच घडवावीत. किलोभर वजनाचा हातोडा, चार-पाच किलोंचा घण, एक सांडशी आणि एक कानस एवढे विकत घेतल्यावर पहिली आगच स्वतःच्या साधनांसाठी पेटवावी: कोळसे सारण्याची आकडी, मग तापल्या लोखंडाला भोक पाडण्याचा सुंबा, मग ते तोडण्याची छिन्नी, आणि हात बसल्यावर दुसरी सांडशी. हा क्रम मुद्दाम पाळावा, कारण आकडीत लोखंड ताणणे आणि वाकवणे, सुंब्यात निमुळते करणे, छिन्नीत धार कठीण करणे आणि सांडशीत दोन भाग तंतोतंत जुळवणे, अशा साऱ्या मूळ क्रिया त्या ओघात हाताखालून जातात.

कोणते लोखंड घ्यावे, हा प्रश्न कार्बनच्या प्रमाणाशी निगडित आहे. बांधकामातील साध्या सळईत आणि पट्टीत कार्बन फार थोडा, साधारण ०.२ टक्के, असतो; ती सहज घडते, परंतु कितीही पाण्यात बुडवली तरी तिला टिकाऊ धार येत नाही, म्हणून ती आकडी, कडी-कोयंडा, खिळे यांसाठी राखावी. विळा, कोयता आणि कुऱ्हाड यांसाठी मराठवाड्यातील लोहार मोटारगाड्यांचा जुना कमानपाटा वापरतात, ज्यात कार्बन सुमारे अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा अधिक असतो. अनोळखी भंगाराची परीक्षा सहाणेच्या चाकावर करता येते: कमी कार्बनच्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, अधिक कार्बनच्या ठिणग्या टोकाला फुटून फांद्या काढतात. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत कधीही घालू नये; त्याच्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप येतो आणि अधिक प्रमाणात तो धूर फुप्फुसांना इजा करतो.

घडवून झालेल्या पात्याला पाणी देणे, म्हणजे विशिष्ट तापमानावरून झटकन थंड करून ते कठीण करणे, हा या विद्येचा गाभा आहे. सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे पोलादातील अणूंची रचना बदलू लागते आणि कार्बन लोखंडात विरघळतो. अशा अवस्थेत पाते एकाएकी थंड केले तर त्या कार्बनला बाहेर पडण्याची सवड मिळत नाही आणि तो रचनेत अडकून तिला ताणून कठीण करतो. योग्य तापाची खूण म्हणून लोहार चेरीच्या फळासारखा गडद लाल रंग पाहतो, आणि ज्याची नजर अजून बसलेली नाही त्याने जवळ लोहचुंबक ठेवावे: सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला ओढले जाणे थांबते, आणि त्याहून किंचित पुढे गेले की पाणी देण्याची वेळ झाली असे समजावे. त्यापलीकडे केशरी, पिवळे होईपर्यंत तापवलेल्या पोलादाचे कण मोठे होतात आणि पाते ठिसूळ बनते. कमानपाट्याला पाण्यापेक्षा कोमट तेल मानवते, कारण पाण्याच्या धक्क्याने पातळ धारेला तडे जाण्याची शक्यता असते.

एवढे करूनही पाते कामाचे नसते, कारण आता ते काचेइतके कठीण आणि तितकेच तुटके असते. म्हणून जुन्या लोहारांनी एकाच तापात दोन्ही कामे साधणारी रीत बसवली: पाते पुरते तापवून केवळ धारेची बाजू बुडवायची, पाठ लाल ठेवायची, मग धार विटेच्या तुकड्याने घासून उजळायची आणि पाठीतील उष्णता हळूहळू धारेकडे सरकताना तिच्यावर उमटणारे रंग पाहायचे. आधी २२० अंशांच्या आसपास फिका गवती, नंतर तपकिरी, मग जांभळा आणि सुमारे ३०० अंशांना निळा. हे रंग लोखंडावर धरणाऱ्या गंजाच्या अतिपातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशाचे असतात आणि ते तापमानाची विश्वासार्ह मोजपट्टी ठरतात. विळ्याची आणि सुरीची धार तपकिरीवर, तर धक्का सोसणाऱ्या कुऱ्हाडीची आणि छिन्नीची जांभळ्यावर आली की पाते पुन्हा बुडवून तो रंग तेथेच थांबवायचा. तापमापकाशिवाय, एका मिठीएवढ्या जागेत, केवळ नजरेने आणि घाईने साधलेली ही अचूकता मराठी कारागिरीतील फार मोठी मिळकत आहे, आणि तिची नोंद शाळेच्या कोणत्याही पुस्तकात असायला हवी होती.

काही कामे घरच्या साळीत लगेच हाती घेऊ नयेत. बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचे कडे, चढवणे हे त्यांपैकी एक. चाकाच्या परिघापेक्षा मुद्दाम थोडी लहान केलेली धाव गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगीत तापवतात. सव्वाचार-साडेचार मीटर परिघाची धाव पाचशे अंशांनी तापली की अडीच सेंटिमीटरहून अधिक लांबते, तेवढ्यात ती चाकावर बसवून पाणी ओततात आणि आक्रसताना ती सगळे आरे आणि पाटे घट्ट आवळून घेते. मापात बोटभर चूक झाली तर धाव सैल पडते किंवा चाक मोडते. बैलांना पत्र्या मारणेही तितकेच जोखमीचे. बैलाचे खूर दुभंगलेले असल्याने प्रत्येक पायाला दोन, म्हणजे एका बैलाला आठ पत्र्या लागतात, आणि खिळा अर्ध्या बोटाने आत गेला तर देवणी किंवा लाल कंधारी जातीचे, रस्त्यावर चालणारे मोलाचे जनावर लंगडे होते. दोन तुकडे पांढऱ्या तापावर, टाकणखार शिंपडून, ठोकून एकजीव करणे हे मात्र अभ्यासाने सहा-आठ महिन्यांत जमू शकते. टाकणखार पृष्ठभागावरील खपल्या वितळवून दूर सारतो आणि स्वच्छ धातूला स्वच्छ धातू भिडू देतो.

या विद्येचा मोठा भाग आजही घिसाडी समाजाकडे आहे. राजस्थानातून दक्षिणेत आलेल्या या भटक्या लोहारांची पालं पेरणीपूर्वी मराठवाड्यातील गावांच्या कडेला पडत आली आहेत, आणि त्यांच्यात भट्टीपुढे बसलेला पुरुष आणि समोर उभी राहून घण मारणारी स्त्री अशी जोडी काम करते. तिच्या घणाची लय पाहिल्याशिवाय घण कसा मारावा हे पुस्तकावरून समजत नाही. घरची साळ उभारू पाहणाऱ्याने गावच्या लोहाराकडे किंवा अशा पालावर काही दिवस बसून शिकावे आणि त्या शिकवण्याची मजुरी रोख द्यावी. बलुत्याच्या काळापासून या श्रमाचे मोल कमीच लेखले गेले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे, आणि नोंदणीकृत कारागिराला प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते. हौशी माणसासाठी ती नाही, पण आपल्या लोहाराला तिची माहिती आणि अर्जाला मदत मिळवून देणे त्याला सहज शक्य असते.

सुती कपडे, जाड चपला किंवा बूट, डोळ्यांना चष्मा आणि जवळ भरलेली घागर ही खबरदारी रोजची. काम सुरू करण्यास दिवाळीनंतरचा काळ उत्तम; तेव्हा हवा थंड असते, ज्वारीच्या काढणीपूर्वी शेजाऱ्यांचे विळे पाजवायला मिळतात आणि मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांच्या बाजाराबरोबर लोखंडी अवजारांची दुकानेही पाहता येतात. मृगापूर्वी कोळसा पोत्यांत भरून उंच फळीवर ठेवावा, भाता तेल लावून घरात टांगावा, ऐरणीच्या माथ्याला ग्रीस चोळावे आणि भट्टीचा खळगा राखेने भरून त्यावर घमेले उपडे घालावे.